घड्याळासमोरचा निबंध



दहावीच्या कुमारभारतीची कृतिपत्रिका ८० गुणांची, वेळ तीन तास. त्यात प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन यांपैकी एकाला ८ गुण. हिशेब केला तर विद्यार्थ्याच्या वाट्याला १८ मिनिटे येतात, आणि तीही बहुधा शेवटची, कारण उपयोजित लेखनाचा विभाग कृतिपत्रिकेच्या अखेरीस असतो. बोटे दुखत असतात, पर्यवेक्षक पुरवण्या बांधायला सांगत असतात आणि नेमकी त्याच वेळी मुलाकडून स्वतंत्र विचाराची अपेक्षा केली जाते. अशा घाईत तो गाईडमधला पाठ केलेला निबंध उतरवतो, यात त्याचा दोष थोडा आहे.

राज्यसेवेच्या परीक्षेने हाच प्रश्न आता मोठ्यांपुढेही आणून ठेवला आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने २०२२ मध्ये मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचे ठरवले. पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि नवी पद्धत २०२५ पर्यंत लांबली. त्या आंदोलनामागची धास्ती खरी होती. वर्षानुवर्षे बहुपर्यायी प्रश्नांचे गोल काळे करण्याची तयारी केलेल्या मुलामुलींपुढे २५० गुणांची निबंधाची प्रश्नपत्रिका उभी राहिली होती. केंद्रीय लोकसेवा आयोगाकडे ती आधीपासून आहे: तीन तास, दोन निबंध, प्रत्येकी हजार ते बाराशे शब्द, आणि निबंध मराठीतही लिहिता येतो. मिनिटाला वीस शब्दांचा वेग धरला तर बाराशे शब्दांना तासभर लागतो. एका निबंधासाठी दीड तास असतो. म्हणजे अर्धा तास विचाराला आणि पुन्हा वाचायला मिळतो. तो वापरायचा असतो हे मात्र फार थोड्या उमेदवारांना कोणी सांगितलेले असते. शेजारच्याचे पेन चालू झालेले दिसले की यांचेही चालू होते.

वेळेत निबंध लिहिणे ही शिकवता येण्याजोगी गोष्ट आहे. आपल्या वर्गांत तिची परीक्षा पुष्कळ होते, शिकवणी फारशी होत नाही.

अमेरिकेतील लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज या अभ्यासकांनी लिहिणाऱ्यांना लिहिता लिहिता मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितले आणि ते बोलणे टिपून ठेवले. १९८१ मध्ये त्यांनी त्यावर आधारलेली मांडणी प्रसिद्ध केली. आखणी, लेखन आणि फेरतपासणी या ओळीने चढायच्या पायऱ्या नाहीत, लिहिणारा त्यांच्यात सारखा मागेपुढे करतो, असे त्यांना दिसले. सरावलेला लेखक तर विषयच पुन्हा पुन्हा स्वतःशी मांडून पाहतो.

आपल्या विद्यार्थ्याने हे कधी पाहिलेलेच नसते. त्याच्या हाती येतो तो छापलेला, गुळगुळीत झालेला निबंध. म्हणून शिक्षकाने घड्याळ लावून, मुलांनी दिलेल्या विषयावर, फळ्यावर स्वतः लिहावे आणि लिहिताना बोलावे. समजा विषय निघाला ‘स्थलांतर’. पहिले वाक्य सुचेल, ‘आज शहरे झपाट्याने वाढत आहेत.’ ते कोणत्याही निबंधात चालेल, म्हणून पुसावे. मग विचारावे, कोण जाते, कुठे जाते, परत येते का? बीडचे ऊसतोड कुटुंब दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या भागात जाते आणि हंगाम संपला की गावी परतते. कोकणातला चाकरमानी मुंबईत राहतो आणि गणपतीला घरी येतो. दोघांनाही आपण एकच शब्द लावतो, पण एकाच्या मुलांची शाळा मध्येच सुटते, दुसऱ्याची मुले मुंबईतच शिकतात. इथे निबंधाला कणा मिळाला: परतणारे आणि न परतणारे, आणि दोघांच्या मुलांच्या शिक्षणाचे काय. पाच मिनिटे झाली, फळ्यावर जेमतेम सहा शब्द उरले आहेत, आणि आता लिहायला हरकत नाही. शिक्षकाला अडताना, खोडताना, मुद्दा बदलताना पाहिले की मुलांची भीती निम्मी कमी होते. कारण अडणे म्हणजे आपल्याला येत नाही, अशी त्यांची समजूत असते.

सामग्री प्रत्येकाजवळ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या पुराने कोल्हापूर-सांगलीतील हजारो कुटुंबांना घर सोडावे लागले. त्या घरांतल्या मुलाने ‘पावसाळ्यातील एक दिवस’ लिहिताना पिसारा फुलवणारा मोरच आणावा, असे त्याला वाटत असेल, तर आपला अनुभव उत्तरपत्रिकेत चालत नाही हे त्याला कुठेतरी शिकवले गेले आहे.

आणि इथे परीक्षकांकडेही वळले पाहिजे. अमेरिकेतील सॅट परीक्षेत २००५ पासून २५ मिनिटांचा निबंध होता. एमआयटीतील लेस पेरेलमन यांनी गुण मिळालेले नमुने तपासले, तेव्हा लांबी आणि गुण यांचे नाते फार घट्ट असल्याचे त्यांच्या लक्षात आले. तपशिलातल्या चुकांना दंडही नव्हता. पुढे २०१६ मध्ये तो निबंध ऐच्छिक झाला आणि २०२१ मध्ये सर्वसाधारण परीक्षेतून गेला. आपल्याकडेही किती पुरवण्या लागल्या हे अभिमानाने सांगितले जाते. जोवर भरलेल्या पानांना गुण पडतात, तोवर मुले पाने भरतील. मत मांडण्याचाही प्रश्न आहे. न्यायमूर्ती रानडे एल्फिन्स्टन कॉलेजात असताना त्यांनी लेखात इंग्रजी राज्यापेक्षा मराठ्यांच्या राज्याला उजवे ठरवले, म्हणून प्राचार्य अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने थांबवली, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. परीक्षकाला न पटणारे पण नीट बांधलेले मत पूर्ण गुणांचे धनी असले पाहिजे.

तपासणीचे ओझे खरे आहे. साठ-सत्तर वह्यांमधली प्रत्येक वेलांटी लाल करताना शिक्षक थकतो आणि मूल फक्त गुण पाहून वही मिटते. त्यापेक्षा एका आठवड्यात फक्त सुरुवात तपासावी, पुढच्या आठवड्यात फक्त उदाहरणे, नंतर परिच्छेदांतले दुवे. घड्याळ पहिल्या दिवशी आणू नये. आधी मोकळ्या वेळेत लिहू द्यावे, मग चाळीस मिनिटे, मग तीस, आणि शेवटी परीक्षेइतकी. शेरा दिलेला निबंध मुलाने पुन्हा लिहिला नाही तर तो शेरा वहीतच राहतो.

या संमेलनातून परतणाऱ्या प्रत्येक अध्यापकाला एक विनंती आहे. आठवड्यातली एक तासिका केवळ आराखड्यांसाठी राखून ठेवा: चार विषय, प्रत्येकाला पाच मिनिटे, निबंध लिहायचा नाही. आणि महिन्यातून एकदा खडू हाती घेऊन, मुलांनी दिलेल्या विषयावर, त्यांच्यासमोर स्वतः लिहा.