मज्जातंतूंचे कवच आणि त्याची दुरुस्ती

जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसची साथ आली. त्या साथीतील पहिला संशयित मृत्यू सोलापुरात नोंदवला गेला. गुलियन-बॅरे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस, हा मज्जातंतूंचा विकार आहे. तो समजून घ्यायचा तर आधी मायलिन समजायला हवे.

मज्जातंतूतील लांब धाग्याला अक्षतंतू म्हणतात. हातापायांतील जाड अक्षतंतूंना श्वान पेशी बिलगून असतात. अक्षतंतूवरील न्यूरेग्युलिन-1 हे प्रथिन या पेशींना संदेश देते. त्यासरशी क्रॉक्स-20 हे जनुक कामाला लागते आणि मायलिनची प्रथिने तयार होतात. यंत्रमागाच्या रुळावर कापड गुंडाळत जावे, तसा पेशीचा पडदा अक्षतंतूभोवती थरावर थर चढवतो. हेच मायलिन. दोन पेशींमध्ये किंचित उघडी जागा राहते. विद्युतसंदेश अशा एका जागेवरून पुढच्या जागेवर उडी घेतो. मायलिन नसलेल्या तंतूत सेकंदाला साधारण एक मीटर असणारा वेग त्यामुळे 50 मीटरच्याही पुढे जातो.

पुण्यातील काही रुग्णांच्या शौचनमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. दूषित पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या चिकनमधून तो पोटात जातो. त्याच्या आवरणातील काही रेणू मज्जातंतूंवरील रेणूंसारखेच असतात. त्यामुळे जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे मज्जातंतूंवरच, म्हणजे मायलिनवर किंवा अक्षतंतूवर, उलटतात. जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांत पायांना मुंग्या येतात, अशक्तपणा वर चढत जातो, काहींचा श्वासही अडतो. इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शने किंवा प्लाझ्मा बदलणे हे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले, तर अधिक गुणकारी ठरतात.

दुरुस्ती श्वान पेशीच करतात. केवळ मायलिन गेले असेल, तर त्या नवे, थोडे पातळ थर चढवतात आणि काही आठवडे ते काही महिन्यांत ताकद परतते. अक्षतंतूच तुटला, तर श्वान पेशींत सी-जून हे प्रथिन वाढते. त्या मायलिन बनवणे थांबवतात, भक्षक पेशींच्या मदतीने मोडतोड साफ करतात आणि रांगेत उभ्या राहून नव्या तंतूला वाट दाखवतात. हा तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. गुडघ्यापासून घोट्यापर्यंतच्या 40 सेंटिमीटरला वर्षाहून अधिक काळ लागतो. तोवर सांधे आखडू नयेत, स्नायू वाळू नयेत, म्हणून फिजिओथेरपी नेमाने चालू ठेवावी लागते.