शिक्षकाचा वेळ कोणाचा?

(बोदवड येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



वैशाखाच्या उन्हात दिवसभर होरपळलेल्या गावाने जेवणखाण आटोपून रात्री मास्तराचे बोलणे ऐकायला जमावे, ही गोष्ट मास्तराला सुखावणारी खरी. पण तिच्यामुळे त्याची जबाबदारीही वाढते, कारण समोर बसलेल्यांपैकी कित्येक जण कधी ना कधी त्याच्याच हाताखालून गेलेले असतात आणि चार ठोकळ तत्त्वे सांगून त्यांच्यापुढे वेळ मारून नेता येत नाही. चालकांनी मला ‘शाळांची सुधारणा’ हा विषय दिला. या विषयावर बोलणाऱ्यांत मंत्री असतात, सनदी अधिकारी असतात, संस्थाचालक असतात. ज्याने प्रत्यक्ष खडू हाती धरला आहे त्याची साक्ष मात्र बहुधा शेवटी होते, किंवा होतच नाही. ती आज नोंदवावी, एवढाच माझा हेतू आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे: शाळेची सुधारणा म्हणजे शिक्षकाचा वेळ पुन्हा मुलाकडे वळवणे, आणि त्या वेळेचा हिशेब शिक्षकाने दप्तराला देण्याऐवजी गावाला देणे. इमारत, संगणक, गणवेश, नवे पाठ्यपुस्तक या सर्व गोष्टी इष्ट आहेत. परंतु या एका गोष्टीवाचून त्या निष्फळ ठरतात.

हे म्हणणे पटवण्यासाठी प्रथम एक दूरचे उदाहरण घेतो. आयर्लंड हा आपल्याप्रमाणेच इंग्रजी अंमलाखाली राहिलेला शेतकऱ्यांचा देश. तेथे सरकारी पैशाने चालणाऱ्या राष्ट्रीय शाळा १८३१ साली सुरू झाल्या. पुढे एका चौकशी आयोगाच्या शिफारशीवरून १८७२ पासून असा नियम झाला की, शिक्षकाच्या प्राप्तीचा एक हिस्सा मुलांच्या परीक्षेच्या निकालावर ठरावा. वर्षातून एकदा तपासनीस येई, ठरावीक दिवस हजेरी भरलेल्या एकेका मुलास वाचन, लेखन व अंकगणित यांत पारखून घेई, आणि जितकी मुले उतरत तितके पैसे शिक्षकाच्या पदरी पडत. योजना वरकरणी निर्दोष दिसते. काम केलेस तर दाम घे, यात गैर ते काय? पण तिचा परिणाम असा झाला की मुलांकडून क्रमिक पुस्तक घोकून घेणे हेच अध्यापन ठरले, जे परीक्षेत नाही ते शाळेत नाही असे होऊन बसले, आणि बटाटे काढण्याच्या दिवसांत घरी राहणारे गरिबाचे मूल, हजेरी अपुरी म्हणून, शिक्षकाच्या हिशेबातूनच वजा झाले. १९०० साली ही पद्धत तेथील सरकारने मोडीत काढली. तोवर अठ्ठावीस वर्षांतील मुले तिच्याखालून निघून गेली होती.

निकाल पाहून अनुदान देण्याची हीच पद्धत त्या काळी आपल्या मुंबई इलाख्यातही होती, आणि तिचे मर्म ज्यांनी तेव्हाच ओळखले त्यांत महात्मा जोतीराव फुले अग्रभागी होते. १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी स्पष्ट म्हटले की, ज्या गरीब व अज्ञ रयतेत विद्येची गोडीच अद्याप उत्पन्न झालेली नाही, तिच्यात शिक्षणाचा प्रसार करण्यास ही पद्धत कामाची नाही. ज्याला अजून भूकच लागलेली नाही त्याने किती खाल्ले यावर स्वयंपाक्याचे वेतन ठरवले, तर स्वयंपाकी भुकेल्या घरांकडेच जाईल, हे त्यांनी नेमके हेरले होते.

आज निकालावर पगार कोणी कापत नाही, हे खरे. परंतु ‘प्रगत’ शाळा आणि अप्रगत शाळा, कोणत्या केंद्राची टक्केवारी किती, कोणता तालुका जिल्ह्यात कितवा, या तक्त्यांची भीती जोवर शिक्षकाच्या मनात आहे, तोवर तो तपासनीस अजून निवृत्त झालेला नाही असेच म्हणावे लागेल. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, आठवीपर्यंत कोणासही नापास करू नये असे ठरले. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि २०२३ च्या अखेरीस आपल्या राज्याने पाचवी व आठवीस पुन्हा परीक्षेची अट घातली. परीक्षा असावी की नसावी या वादात मी पडत नाही. परीक्षेचे उत्तर शिक्षकाला पुढे काय शिकवायचे ते सांगत असेल तर ती परीक्षा उपकारक. ते केवळ वरच्या कचेरीला पाठवायचे असेल तर तो नुसता भरणा.

हा भेद स्पष्ट व्हावा म्हणून एका वर्गात आपणांस घेऊन जातो. आपल्या भागातली द्विशिक्षकी शाळा. पहिली ते चौथी असे चार वर्ग आणि दोन शिक्षक, त्यातले एक केंद्राच्या सभेला गेलेले. दिवस कापूस वेचणीचे, म्हणून पटावरची काही मुले आईबरोबर शेतात. तिसरीतल्या एका मुलीने फळ्यावर बावन्नातून सत्तावीस वजा केले आणि उत्तर लिहिले पस्तीस. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. लहान अंक मोठ्या अंकातून काढायचा, एवढेच तिने धरून ठेवले होते. मी तिला विचारले, “तुझ्या आईनं काल बावन्न किलो कापूस वेचला आणि मामीनं सत्तावीस, तर आईनं किती जास्त वेचला?” ती क्षणभर वर पाहून म्हणाली, “सत्तावीसचे तीस व्हायला तीन, अन् तिसाचे बावन्न व्हायला बावीस. पंचवीस, गुरुजी.” वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे ही वजाबाकी तिच्या घरात रोज संध्याकाळी होत होती. तोंडी हिशेब चोख, कागदावरचा चूक! आता दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधून, त्यातली एक सोडून, तिच्या तोंडचे गणित तिच्या हाती कसे उतरवायचे, हेच माझे त्या दिवसाचे खरे काम होते, आणि त्याला निदान वीस मिनिटे हवी होती. जुडी सुटते न सुटते तोच दूरध्वनी आला की, अमुक माहिती बारा वाजण्यापूर्वी भरून पाठवावी. बाकीच्या तीन वर्गांना शुद्धलेखन दिले होते ते संपले होते, पोषण आहाराचा तांदूळ मोजून द्यायचा होता. त्या मुलीच्या नोंदीत त्या दिवशी ‘वजाबाकी: येत नाही’ एवढेच लिहिले गेले, आणि श्रोतेहो, ती नोंद वेळेत भरलेली असली तरी खोटी होती.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याचे कलम २७ असे सांगते की, दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज कोणत्याही अशैक्षणिक कामाला शिक्षकास जुंपू नये. कलम उत्तम आहे. परंतु मतदारयादीचे काम निवडणुकीच्या नावाने बारमाही चालते, आणि माहिती भरण्याचे काम तर ‘शैक्षणिक’ याच सदरात मोडते. त्यामुळे कायद्याचा शब्द शाबूत राहून शिक्षकाचा वेळ मात्र जातो.

येथे कोणी मला अडवून म्हणेल की, शिक्षकाला गावचे हिशेब तपासणारा, दस्तांची नोंदणी करणारा, टपालमास्तर किंवा मुद्रांक विकणारा करावे, असे तर खुद्द जोतीरावांनीच त्या निवेदनात सुचवले होते! आक्षेप मार्मिक आहे. परंतु जोतीरावांचा उद्देश असा होता की, त्या अधिकारांमुळे गावात शिक्षकाची प्रतिष्ठा वाढावी आणि लोकांवर त्याचा चांगला प्रभाव पडावा. त्याच निवेदनात प्रशिक्षित शिक्षकास दरमहा बारा रुपयांहून कमी वेतन असू नये, मोठ्या गावांत ते पंधरा-वीस असावे, असाही आग्रह आहे. आजच्या वरकामात ना अधिकार आहे ना मान. आहे तो केवळ हुकूम आणि तारीख.

वेतनाचा विषय निघालाच आहे तर त्याविषयीही बोलतो. २००० साली आपल्या राज्यात शिक्षणसेवक ही योजना आली आणि प्राथमिक शाळेतील नवा शिक्षक तीन वर्षे दरमहा ३,००० रुपयांच्या मानधनावर राबू लागला. ते मानधन पुढे ६,००० झाले आणि २०२३ मध्ये १६,००० वर आले. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही. आयर्लंडमध्येही सरकारी तिजोरीवर संकट आले तेव्हा १ जानेवारी २०११ पासून रुजू झालेल्या शिक्षकांना कमी वेतनश्रेणी लावण्यात आली आणि ती तफावत भरून काढण्यास तेथील शिक्षकसंघटनांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. दोन देश, दोन खजिने, पण युक्ती एकच: जो अजून नोकरीत आलेला नाही त्याच्या पगारात काटछाट करावी, कारण तो आज ओरडू शकत नाही. एकाच भिंतीच्या दोन बाजूंस एकच काम करणाऱ्या दोघांत असा पंक्तिप्रपंच झाला की शिक्षकांच्या खोलीतला सलोखा मोडतो, आणि हुशार तरुण या व्यवसायाकडे पाठ फिरवतो.

तिसरा प्रश्न लहान शाळांचा. वीसहून कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा कराव्यात, असा विचार २०२३ पासून जोर धरून आहे. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि आपल्या खानदेशातील तोरणमाळ येथील प्रयोगांचे दाखले त्यासाठी दिले जातात. एका शिक्षकाने चार वर्ग सांभाळण्यापेक्षा चार शिक्षकांनी चार वर्ग सांभाळावेत, हा विचार मूलतः चुकीचा नाही. आयर्लंडनेही १९६० नंतरच्या दशकांत एक-दोन शिक्षकांच्या अनेक शाळा मोडून मोठ्या केल्या. परंतु तेथील शिक्षणमंत्री डोनो ओमॅली यांनी १९६६ साली माध्यमिक शिक्षण मोफत करण्याची घोषणा केली, तेव्हा दूरच्या मुलांना शाळेत आणण्यासाठी सरकारी खर्चाने बसगाड्यांचीही तजवीज झाली. गाडी आधी आणि कुलूप मागाहून, हा क्रम आहे. आपल्याकडे पाचवीपासूनच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एस.टी.चा मोफत पास मिळतो, ही मोठीच सोय. पण पहिलीतले सहा वर्षांचे पोर पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या गावी कसे जाणार, याचे उत्तर मिळण्यापूर्वी त्याच्या गावच्या शाळेला हात लावू नये.

आता थोडे कटू बोलतो. घरचाच माणूस आहे, म्हणून बोलण्याचा अधिकार आहे असे समजतो. वेळ मागणाऱ्या शिक्षकाने मिळालेल्या वेळेचे काय केले, हा प्रश्न गावाने विचारला तर त्याने रागावू नये. घरभाडे भत्त्यासाठी मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव जोडायचा आणि गाडीच्या वेळेवर डोळा ठेवून दुपारपासून घड्याळ पाहायचे, हे आपल्यापैकी अनेकांच्या अंगवळणी पडले आहे. खेड्यात भाड्याने धड घर मिळत नाही, पाणी आठ-आठ दिवस येत नाही, हे बोदवडकरांना मी सांगायला नको. पण मग तसे उघड सांगावे, नियम बदलून घ्यावा, खोटा ठराव कशाला? जो शिक्षक स्वतः कागदावर खोटे लिहितो, त्याला वरच्यांच्या कागदी कारभाराविरुद्ध बोलण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. टाचण मागच्या वर्षीचे उतरून काढणे, मुलांच्या हाती मार्गदर्शिका देऊन मोकळे होणे, वर्गात अर्धे शिकवून उरलेले शिकवणीसाठी राखणे, हेही आपलेच दोष आहेत.

शिक्षकावर विश्वास टाकला तर काय घडते, याचा दाखला शोधायला खानदेशाबाहेर जावे लागत नाही. अमळनेरच्या शाळेत १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते, छात्रालयही सांभाळत होते. तेथील मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने दैनिक लिहून काढत. असे दैनिक काढावे, असे कोणत्याही परिपत्रकात नव्हते, आणि त्याच्या प्रती किती निघाल्या हे कोणत्याही तक्त्यात भरायचे नव्हते. तिकडे डब्लिनमध्ये पॅड्रिक पिअर्स या शिक्षकाने १९०८ साली स्वतःची शाळा काढली, आणि त्याच शाळेच्या मदतीसाठी १९१३ मध्ये तेथील ॲबी थिएटरात रवींद्रनाथांच्या ‘डाकघर’चा प्रयोग झाला. आयर्लंडमधील परीक्षाग्रस्त शिक्षणपद्धतीस याच पिअर्सने १९१६ च्या आपल्या पुस्तिकेत प्राण घेणारे यंत्र ठरवले. गुरुजी असोत वा पिअर्स, दोघेही असामान्य होते. प्रत्येक शिक्षकाने तसे व्हावे ही अपेक्षा अवाजवी आहे. परंतु सामान्य शिक्षकालाही आपल्या बुद्धीने काही करून पाहता येईल इतकी सवड ठेवणे, हे कोणत्याही सरकारच्या आवाक्यातले काम आहे.

तेव्हा माझ्या सूचना चार आहेत. एक, केंद्रातील पाच-सहा शाळांना मिळून एक लिपिक द्यावा आणि माहिती भरण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे. दोन, शाळेच्या वेळेत कोणतीही सभा वा माहितीची मागणी नसावी. अत्यंत निकडीची असेल तर तिचे कारण लेखी असावे. तीन, शाळेत येणाऱ्या अधिकाऱ्याने शेरेबुकात दप्तराविषयी शेरा लिहिण्यापूर्वी एक पाठ पूर्ण पाहावा, आणि शक्य तर स्वतः एक पाठ घेऊन दाखवावा. चार, वाडीतील मुलाची तावडी वा लेवा बोली, अहिराणी किंवा पावरी पहिल्या दोन वर्षांत वर्गात मोकळेपणी बोलली जावी आणि पुस्तकी मराठीकडे तिच्यावरून चालत जावे. तिला चूक म्हणून खोडू नये.

यातल्या पहिल्या तीन गोष्टी सरकारदरबारी अडकतील, हे मी जाणतो. पण आणखी एक गोष्ट आपल्या हातात आहे. मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या त्याच कायद्याने प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिचे निदान तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. या समितीच्या सभा बहुधा सह्यांपुरत्या होतात. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्याच सभेत पालकांनी शिक्षकांना विचारावे: सुट्टीपूर्वीच्या महिन्यात तुम्ही वर्गाबाहेर किती तास होतात, आणि कोणाच्या कामासाठी होतात? उत्तर सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावे. दरमहा असे लिहिले गेले तर वर्षअखेर प्रत्येक गावाजवळ असा एक कागद जमेल की, त्यात वरच्यांनी घेतलेला वेळही दिसेल आणि शिक्षकाने स्वतः दवडलेला वेळही दिसेल. तो कागद घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जायला मी पहिला तयार आहे. आणि त्यात माझ्या व्यवसायबंधूंचा दोष निघाला, तर तोही वाचून दाखवीन. ज्यांना हरकती घ्यावयाच्या असतील त्यांनी आता अवश्य घ्याव्यात. उत्तरे देण्यास मी उभा आहे.