बैलाची कळ आणि माणसांचा जल्लोष



मन्रो लीफ यांचे एक छोटेसे बालपुस्तक रॉबर्ट लॉसन यांच्या चित्रांसह १९३६ साली अमेरिकेत निघाले. त्यावरून डिस्नेने १९३८ मध्ये केलेल्या ‘फर्डिनंड द बुल’ या जेमतेम आठ मिनिटांच्या कार्टूनपटाला ऑस्कर मिळाले. गोष्ट स्पेनमधल्या फर्डिनंड नावाच्या एका खोंडाची. बरोबरीची खोंडे ढुशा देत हुंदडतात आणि हा बुचाच्या झाडाखाली बसून फुलांचा वास घेतो. पुस्तक आले तेव्हा स्पेनमध्ये यादवी पेटलेली होती. त्यामुळे काहींना त्यात शांततावादाचा प्रचार दिसला आणि हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत त्यावर बंदी आली. आजही फर्डिनंडची ओळख ‘न लढणारा बैल’ अशीच करून देतात. मला ती अपुरी वाटते. मुक्या जनावराच्या अंगात जे घडते त्याला आपण कोणते नाव देतो, हा या चित्रपटाचा खरा विषय आहे.

झुंजीचा बैल निवडायला पाच माणसे कुरणात येतात आणि नेमका तेव्हाच फर्डिनंड मधमाशीवर बसतो. डंखाच्या कळेने तो उधळतो, फुरफुरतो. माणसे हरखतात आणि त्यालाच माद्रिदला नेतात. माशी प्रेक्षकाने पाहिलेली असते, त्या पाचांनी पाहिलेली नसते. कथेचा सारा डोलारा एवढ्यावर उभा आहे. रिंगणात माशी नाही, म्हणून बैल फुले हुंगत बसतो. चित्रपटातला बैलाशी झुंजणारा माताडोर शेवटी छाती उघडी टाकून गोंदलेले फूल दाखवतो आणि बैल ते चाटतो. पुस्तकात नसलेला हा प्रसंग हशासाठी घातला असे म्हणता येईल, पण माणसाचे आव्हान बैलापर्यंत पोचतच नाही, हेच त्यातून ठसते. फर्डिनंड भित्रा किंवा आळशी आहे हा आक्षेपही टिकत नाही, कारण त्याची ताकद कुरणात दिसलेलीच आहे.

परदेशी बैलाची ही गोष्ट खिलार जातीच्या बैलांच्या मुलखात कशाला, असे कोणी विचारील. खरसुंडी आणि पुसेगावच्या यात्रांतले जनावरांचे बाजार पाहणाऱ्यांना तर जनावराची कळ ओळखण्याचा प्रश्न जवळचा आहे. इथल्या बैलगाडा शर्यतीच घ्या. सर्वोच्च न्यायालयाने त्या २०१४ मध्ये थांबवल्या आणि मे २०२३ मध्ये त्यांना परवानगी देणारा महाराष्ट्राचा सुधारित कायदा वैध ठरवला. शर्यतीमुळे खिलार टिकतो, मालक बैलाला पोटच्या पोरासारखा सांभाळतो, हे शौकिनांचे म्हणणे मी खरे मानतो. ट्रॅक्टर आल्यावर बैल दावणीला ठेवायला काही कारण लागतेच. पण धावणारा बैल ईर्षेने धावतो की कळेने, हे प्रेमामुळे आपोआप कळत नाही. त्या पाच माणसांनाही फर्डिनंड आवडलाच होता. काठी, चाबूक आणि विजेच्या धक्क्याचे साधन यांना नियमांत असलेली मनाई म्हणूनच महत्त्वाची आहे. माशी दूर ठेवली, तरच बैलाचे धावणे त्याचे स्वतःचे म्हणता येईल.

जनावराची कळ ओळखणारी नजर आपल्याला परकी नाही. बेंदूर या बैलांच्या सणाच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेला खांदा हळद-तुपाने चोळताना तो कुठे दुखतो, हे शेतकऱ्याच्या हाताला ठाऊक असते. त्या हाताला जे कळते, ते शर्यतीच्या धुरळ्यातही आपल्या डोळ्यांना दिसले पाहिजे.