इंजिनांतील काजळी

चुलीवरील भांड्याचें बूड काळें झालें, म्हणजे गृहिणी तें राखेनें घासते. पण शहाणी गृहिणी त्याबरोबर चुलीकडेही पाहते. लांकूड ओलें आहे काय, हवा कोंडली आहे काय, हें ती शोधते. कारण धूर तसाच राहिला, तर उद्यां बूड पुन्हां काळें होणार. मोटारीच्या इंजिनांत सांचणाऱ्या काजळीची गोष्ट अगदीं हीच आहे.

छत्रपति संभाजीनगरांत फुलंब्री, खुलताबाद या बाजूंनीं भाजीपाला घेऊन पिकअप गाड्या जाधववाडीच्या बाजारांत येतात. तेथून माल उचलून गल्लोगल्लीं थांबत थांबत हिंडणाऱ्या गाड्या निराळ्याच. अशी गाडी म्हणजे एका कुटुंबाची भाकरी. ती चढावर ओढीनाशी झाली आणि काळा धूर सोडूं लागली, कीं धनी चिंतेंत पडतो. गॅरेजांत टाकावी, तर त्या दिवसाची मिळकत बुडते. म्हणून घरींच इंजिन साफ करावें, असें त्याच्या मनांत येतें. हा विचार वाईट नाहीं. मात्र त्याची मर्यादा ओळखली पाहिजे.

काजळी कशानें धरते, हें प्रथम पाहावें. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. पिस्टन हवेला दाबून सुमारें पंधराव्या ते विसाव्या हिश्शावर आणतो. त्यामुळें ती इतकी तापते, कीं तींत फवारलेलें डिझेल आपोआप पेट घेतें. हवा पुरेशी असून फवारा बारीक असला, म्हणजे ज्वलन चांगलें होतें. हवा कमी पडली किंवा फवारा बिघडला, कीं अर्धवट जळलेला कार्बन मागें राहतो. शिवाय आजच्या गाड्यांत धुराचा कांहीं भाग पुन्हां आंत नेणारी एक झडप असते. कारागीर तिला ‘ईजीआर’ म्हणतात. ज्वलनाचें तापमान उतरावें व नायट्रोजनचीं विषारी ऑक्साइडें कमी निर्माण व्हावीं, हा तिचा हेतु. परंतु या धुरांतील काजळी आणि इंजिनांतील तेलाची वाफ यांचा मिळून हवेच्या वाटेंत डांबरासारखा लेप बसतो. मलिक अंबरानें या नगरासाठीं बांधलेल्या नहरींत गाळ सांचला, म्हणजे पाणी अडे. तशी येथें हवा अडते. हवा अडली कीं काजळी वाढते, आणि काजळी वाढली कीं हवा आणखी अडते.

१९४० च्या सुमारास पेट्रोल मोटारीचें हेड उतरवून पिस्टनवरील कार्बन खरवडणें हें नेहमींचें काम असे, आणि हौशी मालक तें घरींही करीत. आजच्या डिझेल इंजिनाचें हेड मात्र घरीं उघडूं नये. इंधनाच्या नळ्यांनाही हात लावूं नये. त्यांत हजार बारहून अधिक दाब असूं शकतो, आणि सुटलेली बारीक धार कातडी भेदून आंत शिरते. घरीं करण्याजोगें काम हवेच्या वाटेपुरतेंच आहे.

तें करण्यापूर्वी धुराचा रंग पाहावा. काळा धूर हवा कमी किंवा इंधन जास्त असल्याची खूण. निळा धूर तेल जळत असल्याची. पांढरा दाट धूर न जळलेल्या इंधनाची किंवा आंत शिरलेल्या पाण्याची. निळा वा पांढरा धूर सतत येत असेल, तर कारागीर गांठावा. काळा येत असेल, तर आधीं हवेची गाळणी काढून पाहावी. पुष्कळदां धुळीनें भरलेली ती गाळणीच सारें दुखणें असते.

ती स्वच्छ असूनही धूर राहिला, तर गाडी उघड्या हवेंत सपाट जागीं उभी करावी, चाकांना उटी लावावी, इंजिन पूर्ण थंड होऊं द्यावें आणि बॅटरीची ऋण तार सोडावी. हवेची नळी व ईजीआर झडप काढतांना प्रत्येक बोल्टची जागा टिपून ठेवावी. उघड्या वाटेंत स्वच्छ फडका कोंबावा, म्हणजे खपली सिलिंडरांत पडणार नाहीं. काढलेली झडप गाडीपासून दूर नेऊन, कार्ब-क्लीनरनें लेप भिजवून, लांकडी काडीनें व ब्रशानें सोडवावा. तिच्या विजेच्या भागास द्रावण लागूं देऊं नये. हातमोजे व मुखपट्टी वापरावी. जवळ विडी पेटवूं नये. सुकी काजळी फुंकून उडवूं नये. जोडतांना गॅस्केट नवें घालावें, आणि आंत कोंबलेला फडका निघाला कीं नाहीं, तें दोनदां पाहावें. मळकट द्रावण गटारांत ओतूं नये. तें नाल्यांतून खाम नदीला मिळतें.

दोन गोष्टी कधींच करूं नयेत. चालू इंजिनांत पाणी सोडण्याचा उपाय कित्येक सुचवितात. पण पाणी दबत नाहीं, आणि थोडें अधिक शिरलें, तर कनेक्टिंग रॉड वांकतो. तसेंच चालू डिझेल इंजिनांत ज्वालाग्राही फवारा मारूं नये. तोच इंधन बनून इंजिन बेफाम धांवूं शकतें.

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज-६ चे नियम लागू झाले. डिझेलांतील गंधक दहा लक्ष भागांत ५० वरून १० वर आलें. या नियमांच्या डिझेल गाड्यांत धुराच्या नळींत काजळीची गाळणी असते. ती सुमारें सहाशें अंशांवर आपली काजळी आपणच जाळते. पण त्यासाठीं गाडी कांहीं वेळ एकसारख्या वेगानें धांवली पाहिजे. गल्लींतच हिंडणाऱ्या गाडीला ती संधि मिळत नाहीं. इशाऱ्याचा दिवा लागतांच पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें जालना रस्त्यासारख्या मोकळ्या मार्गावर ती चालवावी. गाळणी काढून पोकळ नळी बसविणें बेकायदेशीर तर आहेच, पण तिनें अडविलेली काजळी मग रस्त्यावरील मुलांच्या छातींत जाते. डिझेलचा धूर मनुष्यांत कर्करोग उत्पन्न करतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २०१२ सालीं दिला आहे.

म्हणून घासण्याचें काम संपलें, तरी शोध संपूं नये. नळीला चीर आहे काय, फवारा झिजला आहे काय, ओझें मर्यादेबाहेर जातें काय, तेल वेळेवर बदललें जातें काय, हें तपासावें. तें न पाहतां घासलेलें इंजिन कांहीं महिन्यांतच पुन्हां काळें होईल. आणि ज्यानें तें पाहिलें, त्याला घासण्याचा प्रसंग फार क्वचित् येईल.