घरदुरुस्तीचें उक्तें काम व ग्राहकाचा कायदा

मृग नक्षत्र जवळ आलें कीं नगर जिल्ह्यांतील गृहस्थांची नजर आधीं छपराकडे जाते. पूर्वीं येथील पुष्कळशीं घरें धाब्याचीं असत. माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर देणें व लांकूडकामाची डागडुजी करणें, एवढेंच वार्षिक काम. सुतार हा बलुतेदार. काम वाईट केलें तर पुढील सुगीला खळ्यावर त्याच शेतकऱ्याला तोंड दाखवावें लागे, आणि हीच त्या काळची हमी. आतां माळवदाच्या जागीं स्लॅब आला आणि बलुतेदाराच्या जागीं ठेकेदार. तो पुण्याचा असेल, नाशिकचा असेल. काम अर्धें टाकून गेला तर पुन्हां गांवांत येण्याचें त्याला कारण उरत नाहीं. जुनी हमी गेली. तिची उणीव कायदा कितपत भरून काढतो?

बरीचशी भरून काढतो, मात्र आपणहून नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा प्रथम १९८६ सालीं झाला. घरबांधणी ही एक 'सेवा' आहे असें त्यांत १९९३ सालीं स्पष्ट घालण्यांत आलें, व त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यांत तोच अर्थ मान्य केला. सध्यांचा कायदा २०१९ चा असून तो जुलै २०२० पासून अमलांत आहे. मोबदला घेऊन सदोष काम करणाऱ्या ठेकेदाराविरुद्ध घरधनी ग्राहक म्हणून दाद मागूं शकतो.

परंतु येथें एक भेद आहे. काम उक्तें दिलें, म्हणजे अमुक काम अमुक रकमेंत ठेकेदारानें अंगावर घेतलें, तर ती सेवा होते. उलट गवंडी रोजानें लावून मालकानें स्वतः उभें राहून सांगेल तसें काम करून घेतलें, तर तो 'वैयक्तिक सेवेचा करार' आहे असा आक्षेप येऊं शकतो, आणि असे करार कायद्यानें वगळलेले आहेत. दोन पैसे वांचविण्यासाठीं रोजंदारी पत्करणाऱ्यानें हें जमेस धरावें.

दुसरा गैरसमज 'महारेरा'विषयीं. बांधकामांतील दोष पांच वर्षांपर्यंत विनामूल्य दुरुस्त करून देण्याचें बंधन २०१६ च्या त्या कायद्यांत आहे खरें. पण तें सदनिका विकणाऱ्या प्रवर्तकावर. स्वतःच्या घराची दुरुस्ती करून घेणाऱ्याला त्याचा उपयोग नाहीं. किती वर्षें गळतीची जबाबदारी कोणाची, हें त्यानें करारांतच लिहून घेतलें पाहिजे.

इसाराचेंही तसेंच. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत घरदुरुस्तीच्या ठेकेदाराला एक हजार डॉलर किंवा ठरलेल्या रकमेचा दहावा हिस्सा, यांपैकीं कमी असेल त्याहून अधिक आगाऊ रक्कम सामान्यतः घेतां येत नाहीं. आपल्याकडे घरदुरुस्तीपुरता असा निर्बंध नाहीं. निम्मे पैसे पहिल्याच दिवशीं मागणारा ठेकेदार बेकायदा कांहीं करीत नसतो. हप्ते कामाच्या टप्प्यांशीं बांधणें हें घरधन्याचेंच काम.

तोंडी करारही १८७२ च्या करार कायद्यानें वैध असतो. अडचण येते ती तो सिद्ध करण्याची. मुदत ठरली नसेल तर काम 'वाजवी वेळांत' व्हावें असें तो कायदा म्हणतो, आणि वाजवी म्हणजे काय यावरच मग वाद माजतो. विलंबासाठीं रोजचा दंड लिहिला असेल, तर ती रक्कम कमाल धरून तिच्या मर्यादेंत वाजवी भरपाई मिळूं शकते. मापेंही लिहावींत. वाळूचा ब्रास शंभर घनफूट, तर गिलाव्याचा ब्रास शंभर चौरस फूट! एकाच शब्दावरून हिशेब चुकलेले थोडे नाहींत.

सर्वांत दुर्लक्षित बाब पाण्याची. भारतीय मानक ४५६ प्रमाणें कोरड्या, उष्ण हवेंत काँक्रीट निदान दहा दिवस ओलें ठेवावें लागतें, आणि राखमिश्रित सिमेंट असेल तर चौदा दिवसांची शिफारस आहे. पाथर्डी-जामखेडकडे उन्हाळ्यांत प्यावयाचें पाणीच टँकरनें आणण्याची पाळी येते. हें पाणी कोणीं आणावयाचें तें ठरलेलें नसलें, तर ठेकेदार मालकाकडे बोट दाखवितो, मालक ठेकेदाराकडे, आणि स्लॅब तडकतो.

तंटा झालाच तर पुष्कळ लोक प्रथम पोलिसांकडे धांवतात. केवळ करार मोडणें म्हणजे फसवणूक नव्हे; आरंभापासूनच हेतु खोटा होता हें दाखवावें लागतें. खरा मार्ग नगर शहरांतील जिल्हा ग्राहक आयोगाचा (जिल्ह्याचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर). दिलेला मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार तेथें चालते. पांच लाखांपर्यंत फी नाहीं, वकीलही सक्तीचा नाहीं. ठेकेदार परजिल्ह्यांतील असला तरी तक्रारदार जेथें राहतो तेथें दावा करतां येतो. मुदत मात्र दोन वर्षांची. दुसऱ्याकडून दुरुस्ती करून घेण्यापूर्वीं त्रयस्थ अभियंत्याचा अहवाल व छायाचित्रें घेऊन ठेवावींत, नाहीं तर पुरावाच पुसला जातो.

तक्रारीचा निकाल साधारण तीन महिन्यांत लागावा असें कायदा म्हणतो. प्रत्यक्षांत बहुधा अधिक काळ लागतो. निकालानंतर आदेश दिवाणी हुकुमनाम्याप्रमाणें बजावला जातो, आणि न पाळणाऱ्यास कैद किंवा दंड होऊं शकतो. पण बजावणीसाठीं ठेकेदाराचें पूर्ण नांव व राहण्याचा पत्ता लागतो. पुष्कळ घरधन्यांजवळ त्याचा केवळ मोबाईल क्रमांक असतो.