काचेपलीकडची वाघनखं



जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. सांगलीजवळच्या आमच्या माधवनगरमधूनही माणसं ती बघायला गेली, कुणी एसटीनं, कुणी चार घरांत मिळून गाडी ठरवून. परत आल्यावर काय पाहिलं ते सांगताना प्रत्येक जण नकळत आपला हात पुढे करायचा आणि बोटं वाकवून दाखवायचा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. वाघनखं हे हत्यारच मुळी डोळ्यांना दिसू नये म्हणून केलेलं आहे. एक आडवी पट्टी, तिच्या दोन टोकांना बोटात घालायच्या अंगठ्या आणि खाली तळहाताकडे वळलेली नखं. मूठ मिटली की समोरच्याला दिसतात त्या फक्त अंगठ्या. म्हणजे ही वस्तू कळायची असेल तर ती हातातच कळायला हवी.

आता विचार करा, दृष्टी नसलेला एखादा तरुण तीच वाघनखं अनुभवायला साताऱ्याला गेला असता, तर त्याच्या हाताला काय लागलं असतं? गुळगुळीत, गार काच. पायऱ्यांशेजारी उतार असेल, दार रुंद असेल, तिकीटही मागितलं नसेल. तरी तो पोचला इमारतीत, वस्तूपर्यंत पोचलाच नाही. आज मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे: इमारतीत पोचणं आणि वस्तूपर्यंत पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण पहिलीसाठी थोडंफार करतो आणि काम झालं म्हणतो.

मूळ वाघनखं काचेबाहेर काढा, असं कुणीच म्हणणार नाही. हाताच्या घामात मीठ असतं, त्वचेवर तेल असतं. त्यानं धातू गंजतो, हस्तिदंत डागाळतो, कापडाचा धागा कुजतो. जपणूक करणाऱ्यांची काळजी खरी आहे. पण आपल्या जिल्ह्यातला कुठलाही चांगला लोहार मापात बसणारी, टोकं बोथट केलेली, वजनाला मूळ वस्तूइतकीच भरणारी वाघनखं करून देईल. ती काचपेटीशेजारी टेबलावर ठेवली, साखळीनं बांधली आणि शेजारी ब्रेलमध्ये व मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहिल्या, की झालं. आणि माझी खात्री आहे, त्या टेबलापाशी डोळस माणसांचीच रांग जास्त मोठी लागेल.

ही कल्पना काही आजची नाही. इंग्लंडमध्ये संडरलँड नावाचं शहर आहे. तिथल्या संग्रहालयाचे प्रमुख जॉन आल्फ्रेड चार्लटन डीज यांनी १९१३ साली अंध शाळेतल्या मुलांना बोलावलं आणि पेंढा भरून ठेवलेले प्राणी त्यांच्या हाताखाली दिले. त्या वेळची छायाचित्रं आजही आहेत. मुलं हातांनी चाचपून प्राण्यांचा आकार समजून घेत आहेत. शंभराहून जास्त वर्षं झाली त्याला. पुढे इटलीतल्या अँकोना शहरात आल्दो ग्रासिनी आणि दानिएला बोत्तेगोनी या जोडप्यानं पुढाकार घेतला. दोघंही अंध, दोघांनाही प्रवासाची हौस, आणि जगभरच्या संग्रहालयांत ‘हात लावू नका’ हेच ऐकलेलं. त्यातून १९९३ साली ओमेरो हे स्पर्शसंग्रहालय उभं राहिलं. जगप्रसिद्ध शिल्पांच्या पूर्णाकृती प्रतिकृती तिथे आहेत, आधुनिक कलावंतांच्या मूळ कलाकृतीही आहेत, आणि सगळ्यांना हात लावायचा असतो. १९९९ मध्ये इटलीच्या संसदेनं त्याला राष्ट्रीय संग्रहालयाचा दर्जा दिला. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ साली ‘अनुभव’ नावाचं दालन उघडलं. तिथे संग्रहातल्या २२ वस्तूंच्या प्रतिकृती हातांनी पाहता येतात.

पण दिल्ली लांब आहे, अँकोना त्याहून लांब. आपल्या दारात काय आहे ते बघू.

आपल्या भागातल्या कितीतरी गावांत, मारुतीच्या देवळाबाहेर, ओढ्याकाठी, पिंपळाच्या पारावर वीरगळ उभे आहेत. गावासाठी, गाईगुरांसाठी लढताना पडलेल्या वीराचा तो स्मारकदगड. वीरगळ वाचायचा असतो तो खालून वर. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर पडलेला असतो किंवा लढत असतो. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात नेतात. त्याच्याही वर तो शिवलिंगाची पूजा करत बसलेला दिसतो, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ही कीर्ती आचंद्रसूर्य राहो. ही सगळी गोष्ट काळ्या पाषाणात उठावानं कोरलेली असते. ऊन, पाऊस, शेंदूर, तेल, सगळं सोसून शेकडो वर्षं टिकलेला दगड चार स्वच्छ बोटांनी झिजत नाही. बोटं खालून वर नेत एखाद्या अंध मुलीला वीरगळ वाचायला शिकवा; युद्ध कुठे संपलं आणि स्वर्ग कुठे सुरू झाला ते तिला मधल्या आडव्या पट्टीवरून कळेल. ढालीचा गोल कळेल, गाईची शिंगं कळतील. संग्रहालयात असा दगड असेल तर तो ओट्यावर उंच चढवून दोरीमागे ठेवण्याऐवजी हात पोचेल असा ठेवायला खर्च तो किती?

सातारा जिल्ह्यातल्या औंधचंच उदाहरण घ्या. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली तिथे श्री भवानी संग्रहालय उभं केलं, यमाईच्या डोंगरावर, देवीच्या वाटेवर. स्वतः चित्रकार असलेला राजा, सूर्यनमस्कारांचा प्रचार करणारा, आणि त्याच सुमारास आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचा प्रयोग करणारा. त्यांनी जमवलेला खजिना मुंबईतल्या बड्या लोकांसाठी नव्हता, तो खेड्यापाड्यांतून यमाईला येणाऱ्या माणसांसाठी होता. राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, धुरंधरांची आहेत, आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध शिल्पकाराचं आई आणि मूल हे लहानसं दगडी शिल्पही आहे. मूरची शिल्पं म्हणजे गोलाई, पोकळी, एका आकारातून दुसऱ्या आकारात उतरत जाणारा दगड. आई कुठे संपते आणि मूल कुठे सुरू होतं ते डोळ्यांपेक्षा तळहाताला लवकर समजेल. मूळ शिल्पाला हात नको, मान्य. त्याची हुबेहूब प्रतिकृती आता यंत्रावर छापून मिळते. ज्या संस्थापकानं एवढी कला डोंगरावर सर्वांसाठी नेऊन ठेवली, त्याच्या संग्रहालयात हे व्हायलाच हवं.

आणि चित्रांचं काय, असं तुम्ही विचाराल. चित्राला हात लावून काही कळत नाही. तिथे शब्द लागतात. रेडिओ ऐकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको; इथे आपण सगळेच न बघता बघतो. चित्राचं वर्णन करणं ही मात्र शिकायची गोष्ट आहे. ‘फार सुंदर चित्र आहे’ असं सांगून काहीच पोचत नाही. चित्र केवढं आहे, माणसं किती, कोण कुठे बसलंय, उजेड कुठल्या बाजूनं येतोय, साडीचा पदर कुठे पडलाय, नजर कुणाकडे आहे, हे क्रमानं सांगावं लागतं. संग्रहालयातल्या दहा चित्रांची अशी वर्णनं आपल्याच भागातल्या चांगल्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवली, तर ती अंधांना ऐकता येतील, मोतीबिंदूमुळे अंधुक दिसणाऱ्या आजींना ऐकता येतील आणि अक्षरओळख नसलेल्या आजोबांनाही.

इमारतीबद्दल थोडक्यात बोलतो, कारण तिचे नियम ठरलेले आहेत. उतार एकास बारा हवा. म्हणजे एक फूट चढायचं तर बारा फूट लांबीचा उतार. आपल्याकडे सिमेंट उरलं म्हणून जो उभा घसरणीसारखा उतार घालतात, त्यावर चाकाची खुर्ची ढकलणाऱ्याच्याही छातीत धडकी भरते. दरवाजा निदान नव्वद सेंटिमीटर रुंद. खुर्ची पूर्ण वळवायला दीड मीटर मोकळी जागा. आणि आत गेल्यावर काचपेटी इतकी उंच नको, की खुर्चीत बसलेल्याला फक्त तिची खालची लाकडी फळी दिसावी. पाटीवरची अक्षरं मोठी, काळी, फिक्या पार्श्वभूमीवर. मध्ये मध्ये टेकायला बाकं. आणि हे सगळं पुढच्या दारानं. मागच्या बाजूला, जिथे झाडू आणि बादल्या ठेवतात तिथून एखाद्याला आत घेणं म्हणजे स्वागत नव्हे.

बहिऱ्या पाहुण्यांचा विचार तर फारच कमी होतो. त्यांच्यासाठी मोठ्यानं बोलून उपयोग नसतो. समोर उजेडात उभं राहून, तोंड न वळवता बोललं तर काहींना ओठ वाचता येतात. अनेक जन्मतः बहिऱ्या मुलांची पहिली भाषा खुणांची असते, लिहिलेली मराठी ती नंतर शिकतात; म्हणून पाटीवरचं जड, लांबलचक वाक्य त्यांना अडवतं. लहान वाक्यांतली मराठी सगळ्यांनाच बरी. भारतीय सांकेतिक भाषेतल्या लहान चित्रफिती करून ठेवल्या आणि फोनवर त्या लावता आल्या, तर ती मुलं सोबतच्या बाईंच्या तोंडाकडे न बघता वस्तूकडे बघू शकतील. आणि गर्दी, गोंगाट, अचानक वाजणारी शिट्टी यांनी जी स्वमग्न मुलं घाबरतात, त्यांच्यासाठी आठवड्यातला एक सकाळचा तास शांत ठेवावा. त्याला तर पैसेही लागत नाहीत.

माणसांच्या वागण्याबद्दल मात्र मला थांबून बोलायचं आहे. चाकाच्या खुर्चीतली बाई तिकीट खिडकीवर पैसे पुढे करते आणि आतला माणूस तिच्या मागे उभ्या असलेल्या भावाला विचारतो, ‘यांना काय पाहिजे?’ हे मी वेगवेगळ्या ठिकाणी पाहिलेलं आहे. विचारणारा वाईट नसतो. उलट त्याला मदतच करायची असते. पण त्या बाईच्या पुढ्यात त्या क्षणी एक दार बंद होतं. कर्मचाऱ्यांना दोन दिवसांचं शिक्षण द्यावं, आणि ते शिक्षण दिव्यांग माणसांनीच द्यावं. आपल्या शेजारी कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचं आत्मकथन मराठी घरांतून वाचलं गेलं. अशी अनुभवी माणसं तासाभराच्या अंतरावर असताना संग्रहालयाचा आराखडा त्यांना न विचारता मंजूर होऊ नये. बांधून झाल्यावर तपासायला बोलावणं म्हणजे उशीर झाला.

कायदाही याच बाजूनं उभा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात इमारतींसाठी तर तरतूद आहेच, पण कला दिव्यांगांपर्यंत पोचेल अशी करणं हेही सरकारचं काम म्हणून लिहिलेलं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी यांच्या खटल्यात सांगितलं, की सुगम्यतेचे नियम नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाहीत, किमान काही गोष्टी बंधनकारक कराव्या लागतील. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले होते. एवढी माणसं आपल्या संग्रहालयांत आपल्याला दिसतात का?

माधवनगरला संग्रहालय नाही. पण कापड गिरणीचं आणि मागांचं गाव म्हणून जुनी माणसं आम्हाला ओळखतात. धोटा, कांडी, बॉबीन, फणी, सुताची लड, ताण्याचा एक तुकडा आणि बाण्याचा एक; या वस्तू हातात घेण्यासाठीच जन्माला आल्या आहेत. एखाद्या शाळेच्या किंवा वाचनालयाच्या खोलीत, तळमजल्यावर, एका लांब टेबलावर त्या मांडता येतील. शेजारी मागाच्या खटखटीचा आवाज ऐकवायचा, आणि जुन्या विणकरांपैकी कुणीतरी रविवारी दोन तास तिथे बसायचं. पहिले पाहुणे म्हणून आसपासच्या अंध आणि मूकबधिर शाळांतली मुलं बोलवायची, आणि काय चुकलं ते त्यांनाच विचारायचं. मोठा निधी येईपर्यंत थांबायची यात गरज नाही.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली निघतात. औंध, सातारा, कोल्हापूर. वर्गात एखादं मूल कुबड्या घेऊन चालणारं असतं, एखादं कमी दिसणारं. ‘त्याला त्रास होईल’ म्हणून त्याचं नाव यादीतून गळतं, बहुतेक वेळा त्याला न विचारताच. या वर्षी आधी त्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना विचारा. मग सहलीच्या आठवडाभर आधी संग्रहालयात फोन करा आणि तीन प्रश्न विचारा: पायऱ्या किती आहेत आणि दुसरी वाट कुठली, हाताळायला देता येतील अशा कोणत्या वस्तू आहेत, आणि आमच्या मुलाशी बोलायला त्या दिवशी कोण असेल. उत्तर ‘नाही’ आलं तरी फोन करत राहा. दुसऱ्या शाळेनंही करावा, तिसऱ्या शाळेनंही.