पोलाद तुटते कसे?
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आम्ही पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेले शाळामास्तर. पोलादावर बोलण्याचा आम्हांस अधिकार तो कोणता? परंतु आपल्या ज्ञातीतील पुष्कळ तरुण आज वेल्डिंगच्या कामावर आहेत, म्हणून हे धाडस.

१७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे कॅलिफोर्नियात नॉर्थरिज येथे भूकंप झाला. पोलादी सांगाड्याच्या इमारती उभ्या राहिल्या. पण मागाहून आवरणे काढून पाहता शंभराहून अधिक इमारतींत तुळई व खांब यांच्या वेल्ड केलेल्या सांध्यांस तडे गेलेले आढळले. वाकून धक्का पचवावा अशी ज्यांच्याविषयी खात्री, ते सांधे काचेसारखे तडकले होते! पुढे सांध्यांची रचना सुधारली, चिवट वेल्ड आले. तरी प्रश्न उरलाच : चिवट पोलाद ताणता ताणता अखेर तुटणार केव्हा?

पोलादात गंधकाच्या व कार्बनच्या संयुगांचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. ताण पडला की त्यांच्याभोवती पोकळ्या होतात, त्या फुगतात आणि एकमेकींस मिळून चीर पडते. गुळगुळीत सळई ओढून तोडली असता एक तुकडा पेल्यासारखा, दुसरा शंकूसारखा दिसतो, तो चीर आतून सुरू झाल्यामुळेच. त्याच सळईस भोवताली खाच पाडली, तर खाचेपाशी ती फारशी न ताणताच तुटते; कारण तेथे धातूस चोहोंकडून ओढ बसते. या ओढीचे गुणोत्तर १ ने वाढले की पोकळी फुगण्याचा वेग सुमारे साडेचार पट होतो, असे राइस व ट्रेसी यांच्या १९६९ च्या सूत्रावरून निघते. वेल्डच्या कडेला राहिलेला चर ही अशीच खाच होय. आमचा पुतण्या त्यास 'अंडरकट' म्हणतो, आणि घासून काढण्याचा कंटाळाही करतो!

कानविंदे व डायरलाइन यांनी २००६ मध्ये हे गणित इमारतींच्या पोलादास लावून दाखविले. खाचेच्या लहान सळया तोडून त्या पोलादाची मर्यादा काढावयाची. मग संगणकावर सांधा मांडून ती कोठे ओलांडली जाते ते पाहावयाचे. मात्र एका बिंदूपाशी ओलांडून भागत नाही, ठराविक सूक्ष्म लांबीभर ओलांडावी लागते. भूकंपात तर ओढ व दाब आळीपाळीने येतात. दाबात पोकळ्या आकसतात खऱ्या, परंतु प्रत्येक हेलकाव्यागणिक पोलादाची मूळ मर्यादाच खाली येत जाते.